ठाणे-कल्याण परिसरातील वास्तू आणि त्यांचा कालनिर्णय

ठाणे जिल्ह्यातील ऐतिहासिक स्थळांच्या ज्या याद्या वेळोवेळी प्रसिद्ध झाल्या, त्यांत बहुधा प्रत्येक वास्तूपुढे एक कर्ता व एक साल दिलेले आढळते. यादीची सोय म्हणून हे ठीक असले, तरी इतिहासाच्या अभ्यासकाने ही पद्धत जशीच्या तशी स्वीकारल्यास त्याची फसगत होण्याचा संभव फार. या परिसरातील महत्त्वाच्या वास्तूंपैकी बहुतेकींवर एकाहून अधिक राजवटींचा हात फिरला आहे, आणि त्यांच्या काळाविषयीचा सर्वांत भरवशाचा पुरावा पुष्कळदा वास्तूच्या दर्शनी भागात नसून पायाखाली, दुसऱ्या गावी किंवा कागदपत्रांत सापडतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे अंबरनाथचे शिवालय. वालधुनी नदीच्या काठी, स्थानिक काळ्या पाषाणात उभारलेले हे पश्चिमाभिमुख देवालय भूमिज शैलीचे आहे. शिखराचा वरचा भाग आज शिल्लक नाही. सभामंडप भूपातळीवर असून गर्भगृहात मात्र पायऱ्या उतरून जावे लागते. मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले, अशी लोकश्रुती आहे. महाराष्ट्रात पांडवांनी एका रात्रीत बांधलेल्या वास्तूंची संख्या ध्यानी घेता त्यांना वनवासात झोप मिळाली असेल असे वाटत नाही! असो. लोकश्रुती बाजूस ठेवण्यास अभ्यासकाला फारसे श्रम पडत नाहीत. श्रम पडतात ते शिलालेख वाचताना.

मंदिराच्या उत्तर द्वारावरील तुळईवर आतील बाजूस एक संस्कृत लेख कोरलेला आहे. त्यात महामंडलेश्वर माम्वाणि या शिलाहार राजाचे नाव येते. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख प्रथम प्रकाशात आणला, तेव्हा त्यातील शकाचा आकडा त्यांनी ७८२, म्हणजे इ. स. ८६०, असा वाचला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा सुधारून वाचला. झिजलेल्या दगडावरील एका अंकाच्या वाचनाने मंदिराचा काळ दोनशे वर्षे पुढे सरकला.

दुसरे वाचन ग्राह्य का, हे केवळ अक्षरांच्या वळणावरून ठरवावयाचे नाही. कान्हेरीच्या लेण्यांत शिलाहार राजा दुसरा कपर्दी याचे शके ७७५ व शके ७९९ या वर्षांचे लेख आहेत. शके ७८२ हे वर्ष या दोहोंच्या मध्ये पडते. त्या वर्षी उत्तर कोकणात माम्वाणि राज्य करीत होता असे मानले, तर कपर्दीला मध्यंतरी गादीवरून खाली उतरवावे लागेल. उलट भांडुप येथे मिळालेल्या शके ९४८ च्या ताम्रपटाने छित्तराजाचा काळ निश्चित होतो, आणि माम्वाणि हा त्याचा धाकटा भाऊ. त्यामुळे शके ९८२ हे वर्ष वंशावळीत अगदी सहज बसते. अंबरनाथच्या मंदिराचा काळ अशा रीतीने कान्हेरी व भांडुप या दोन गावांच्या साक्षीने पक्का होतो.

तथापि एवढ्याने ‘कर्ता’ हा रकाना भरत नाही. लेखात छित्तराजाचा निर्देश आहे. त्यावरून मंदिराचा आरंभ छित्तराजाने केला व ते माम्वाणीच्या कारकीर्दीत पूर्ण झाले, असे मत सामान्यतः मान्य झाले आहे. तेव्हा १०६० हे पूर्णतेचे वर्ष होय, आरंभाचे नव्हे. भिवंडीजवळच्या लोनाडविषयीही अशीच सावधगिरी हवी. तेथील अपरादित्याचा शके ११०६ चा लेख व जवळच्या चौधरपाड्याचा केशिदेवाचा शके ११६१ चा लेख हे दोन्ही दानलेख आहेत. दान दिले त्या दिवशी देवालय उभे होते एवढेच त्यांवरून सिद्ध होते. ते किती वर्षांपूर्वीचे होते, हे शिल्पाच्या परीक्षणावरूनच ठरवावे लागेल.

ज्या शिलाहारांच्या लेखांत ठाण्याचा उल्लेख ‘श्रीस्थानक’ असा येतो, त्यांचे एकही देवालय ठाणे शहरात आज उभे नाही. मासुंद्याच्या तळ्याकाठचे कौपीनेश्वराचे मंदिर पेशवाईतील असून सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी ते १७६० च्या सुमारास बांधविले. श्रीस्थानकाचा ठोस पुरावा मिळाला तो अगदी अनपेक्षित ठिकाणी. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात नव्या कामासाठी पाया खणत असता अरिकेसरी राजाचा शके ९३९ (इ. स. १०१७) चा ताम्रपट हाती लागला. जनरल कार्नाक यांनी तो कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे कळविला, आणि पुढच्याच वर्षी ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात रामलोचन पंडितांच्या साहाय्याने झालेले त्याचे भाषांतर छापून आले. भारतीय पुराभिलेखविद्या बाल्यावस्थेत असतानाची ही गोष्ट आहे. अरिकेसरी हा छित्तराज व माम्वाणि यांचा चुलता. म्हणजे अंबरनाथच्या वंशावळीचा एक दुवा ठाण्याच्या किल्ल्याच्या पायात पुरला गेला होता.

हा किल्लाही एका सालात मावणारा नाही. पोर्तुगिजांनी त्याचे काम १७३० नंतर हाती घेतले, पण १७३७ च्या मार्चमध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टीत प्रवेश केला त्या वेळी बांधकाम अपुरेच होते. मराठ्यांनी किल्ला घेतला व सदतीस वर्षे राखला. १७७४ च्या डिसेंबर अखेरीस इंग्रजांनी तो जिंकला. या वेढ्यात त्यांचा आरमारी अधिकारी वॉटसन कामास आला. आरंभ पोर्तुगिजांचा, पुढील उपयोग मराठ्यांचा व नंतरची वाढ इंग्रजांची असल्याने त्यास ‘पोर्तुगीज किल्ला’ म्हणणे अर्धसत्य ठरते.

किल्ल्याची खरी प्रसिद्धी मात्र बंदिशाळा म्हणूनच झाली. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या १८१५ मधील खुनाच्या आरोपावरून त्रिंबकजी डेंगळे यास इंग्रजांनी येथे ठेवले, आणि १८१६ च्या सप्टेंबरात तो निसटला. पहारा गोऱ्या शिपायांचा होता. बाहेर घोड्याची चाकरी करणारा एक मराठा मोतद्दार गाण्यांतून त्यास संकेत देत असे, ही हकीकत बिशप हीबर यांच्या प्रवासवर्णनामुळे सर्वतोमुखी झाली. हीबर १८२५ मध्ये ठाण्याच्या नव्या इंग्रजी चर्चच्या प्रतिष्ठापनेसाठी आले होते. ते घटनेचे साक्षी नव्हेत. नऊ वर्षांनंतर ऐकलेली गोष्ट त्यांनी लिहिली, आणि गाण्याला इंग्रजी पद्याचे रूपही दिले. पलायन निर्विवाद आहे. गाण्याचे शब्द मात्र हीबर यांचे समजावेत. १८३३ मध्ये किल्ल्याचे रीतसर तुरुंगात रूपांतर झाले. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना येथेच फाशी देण्यात आले. तुरुंग झाल्यामुळे सामान्य अभ्यासकास तटाच्या आत जाणे दुर्घट झाले, परंतु तट टिकला तोही त्यामुळेच, हे विसरता कामा नये.

कल्याणच्या तटास हे भाग्य लाभले नाही. कल्याण हे ठाण्याहूनही जुने बंदर. परंतु तेथील व्यापाऱ्यांच्या दानांची नोंद कान्हेरीच्या लेण्यांत वाचावी लागते. गावाचा तट मोतबरखानाने पूर्ण केला, व हा खान शहाजहानचा पदच्युत वजीर होता, असे स्थानिक कथन आहे. प्रत्यक्षात कल्याणचा इतिहासप्रसिद्ध मोतबरखान हा औरंगजेबाचा अधिकारी. १६८९ मध्ये त्याने मराठ्यांकडून कल्याण घेतले. तटाचे काम १६९४ मध्ये संपल्याचे सांगतात, ते या दुसऱ्या माहितीशीच जुळते. वजिराची कथा बहुधा शहाजहानी काळातील एखाद्या जुन्या बांधकामाची स्मृती व खानाचे नाव यांच्या मिश्रणातून निघाली असावी.

खाडीवरील दुर्गाडी किल्ल्याचे नाव दुर्गादेवीवरून पडले. १६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर या खाडीत जहाजबांधणीस प्रारंभ झाला. मराठी आरमाराचा इतिहास येथून सुरू होतो, परंतु त्या गोदीचा एकही ओटा आज दाखविता येत नाही. पेशवाईत रामाजी महादेवांचे वास्तव्य कल्याणास असे. ‘सुभेदारवाडा’ हे नाव आता एका विद्यालयामुळे लोकांच्या तोंडी आहे, ते त्यांच्याच वाड्यावरून आलेले. १७८० मध्ये कल्याण इंग्रजांकडे गेले. त्यानंतर तटाची निगा राखण्याचे कारण उरले नाही, आणि दुर्गाडीचे पुष्कळसे घडीव दगड कल्याण व ठाणे येथील धक्क्यांच्या कामी वाहून नेण्यात आले. कल्याणच्या तटाचे मोजमाप करू इच्छिणाऱ्याने म्हणूनच ठाण्याच्या खाडीवरील जुन्या धक्क्याचे दगडही पाहावेत.