महाड, १९२७ : लुगड्याचा प्रश्न

महाडच्या दुसऱ्या परिषदेचा विषय निघाला की बोलणे २५ डिसेंबर १९२७ रोजी झालेल्या मनुस्मृतिदहनापाशी येऊन थांबते. दोनच दिवसांनी, २७ डिसेंबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जमलेल्या स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. मुलींना शिकवा, मेलेल्या जनावराचे मांस घरात येऊ देऊ नका, हे त्यात होतेच. पण लुगडे कसे नेसावे, हेही होते.

लुगडे साऱ्याच जातींतल्या स्त्रियांचे. मात्र ते किती खाली सोडायचे, हे जात ठरवी. शेतात राबणारी कुणबीणही ते वर खोचून घेई. पण काम संपल्यावर घोट्यापर्यंत सोडायला तिला आडकाठी नव्हती. अस्पृश्य स्त्रीला ती होती. आखूड लुगडे, गळ्यातल्या गळसऱ्या, कोपरापर्यंतच्या कथिलाच्या वा चांदीच्या पाटल्या यांवरून बाई कोण, हे लांबूनच कळे. ती ओळखखूणच टाकून द्या, असे बाबासाहेबांचे म्हणणे होते. त्रावणकोरात नाडर स्त्रियांना ऊर झाकण्याच्या हक्कासाठी काही दशके झगडावे लागले आणि १८५९ साली राजाज्ञा निघाली, तीही सवर्ण स्त्रियांसारखे वस्त्र पांघरायचे नाही, या अटीवर. आपल्याकडे राजाज्ञेची गरज नव्हती. गावाची नजर पुरेशी होती.

भाषणानंतर लगेचच महाडला जमलेल्या स्त्रियांनी घोट्यापर्यंत लुगडी नेसायला सुरुवात केली. नेसवायला मदत केली ती चळवळीतल्या टिपणीस आणि चित्रे या कायस्थ प्रभू कुटुंबांतल्या लक्ष्मीबाई व इंदिराबाई यांनी. एका स्त्रीने दुसरीच्या निऱ्या सावरून देणे ही एरवी किती घरगुती गोष्ट! पण स्पर्शाचाच जिथे विटाळ, तिथे हे निऱ्या सावरणे तळ्याचे पाणी पिण्याइतकेच धाडसाचे होते, असे मला वाटते.

एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ साली रूढ केलेली ‘संस्कृतीकरण’ ही संज्ञा या प्रसंगाला लावण्याचा मोह होतो. वरच्या जातींचे अनुकरण, एवढेच दिसते खरे. परंतु संस्कृतीकरणात वरच्यांचे शास्त्र प्रमाण मानून वर सरकायचे असते. इथे ते शास्त्र दोन दिवसांपूर्वीच जाळून झाले होते. या स्त्रियांनी सवर्णांकडून घेतली ती फक्त नेसण्याची तऱ्हा. शिवाय त्याच काळात पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या सवर्ण मुली ती तऱ्हा सोडून गोल पातळाकडे वळू लागल्या होत्या, आणि सकच्छ-विकच्छाचा वाद रंगत होता. त्या मुलींवर टीका झाली ती फॅशनच्या नावाने. महाडच्या बायकांच्या वाट्याला फॅशन हा शब्दही आला नाही.

या साऱ्यात एक बोच उरतेच. कसे नेसावे, हे इथेही पुरुषानेच सांगितले. आणि ज्या चांदीवर पाणी सोडायचे होते, ती कित्येकींची एकमेव शिल्लक असणार. तिचा हिशेब कुणी मांडलेला दिसत नाही. उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ येईपर्यंत, म्हणजे १९८९ पर्यंत, या स्त्रियांचे स्वतःचे बोलणेही फारसे छापले गेले नव्हते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घ्यायला स्त्रिया आल्या त्या पांढऱ्या साड्यांत. या वेळचे वस्त्र कोणत्याही सवर्ण घरातून उचललेले नव्हते.