आजोबांचा जन्म, सव्वीस तासांआधीचा नव्हे

तर झालं असं की आमच्या प्रोग्रॅमात काही म्हाताऱ्या माणसांच्या जन्मतारखा एक दिवस मागे जायला लागल्या. सगळ्यांच्या नाही, मोजक्याच. पेन्शनच्या कागदावर तारीख जुळली नाही की माणसाला पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं, त्यामुळे प्रकरण गंभीर होतं. यादी काढली तर सगळे जन्म १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळातले. माझे अहेरीचे आजोबा १९४४ चे, म्हणून यादी जरा जास्तच लक्ष देऊन वाचली.

उत्तर दुसऱ्या महायुद्धात होतं. त्या काळात देशभर घड्याळं एक तास पुढे केली होती, म्हणजे ग्रीनिचच्या साडेपाचऐवजी साडेसहा तास पुढे. संगणकांच्या जागतिक टाइमझोन यादीत 'एशिया/कोलकाता' या नोंदीखाली हे बरोब्बर लिहिलेलं आहे. जावातला जुना डेट हा प्रकार (१९९६ पासूनचा) खरं तर तारीख ठेवतच नाही, एक क्षण ठेवतो. तो कुठल्या दिवसाचा, हे मशीनच्या डिफॉल्ट टाइमझोनवर ठरतं. एका प्रोग्रॅमने १२ मार्च १९४४ ची मध्यरात्र साडेसहाच्या हिशेबाने साठवली, आणि वाचणाऱ्या प्रोग्रॅमात मी महाशयांनी सरळ 'अधिक साडेपाच' ठोकलं होतं. 'भारतात कुठे वेळ बदलते?' असं म्हणून. झालं! ११ मार्च, रात्रीचे अकरा.

गंमत म्हणजे उलट चूक चालते. साडेपाचने साठवलेलं 'कोलकाता'ने वाचलं तर पहाटेचा एक वाजतो, पण तारीख तीच राहते. त्यामुळे जुना डेटा न हलवता फक्त वाचणं बदललं आणि काम भागलं. जन्मतारखेला टाइमझोन नसतोच, हे जावाला २०१४ साली लोकलडेट आल्यावर नीट सांगता आलं. जुना डेट मात्र अजून आहे. त्यातले कितीतरी भाग १९९७ पासून 'वापरू नका' असा शिक्का घेऊन बसलेत, पण काढले तर जगातले निम्मे प्रोग्रॅम कोसळतील. आपल्याकडे चंद्रपूर होऊन इतकी वर्षं झाली तरी एक स्टेशन 'चांदा फोर्ट'च आहे ना, तसंच. यादीतही 'एशिया/कलकत्ता' २००८ मध्ये 'कोलकाता' झालं, पण जुनं नाव आजही चालतं. चालावंच लागतं.

आता खरा प्रश्न. कोलकात्याची नोंद अहेरीला का? कारण यादी १९७० नंतर ज्या ठिकाणांची घड्याळं सारखी चालली त्यांना एकाच नोंदीत बसवते. त्याआधीच्या भानगडी एका शहराच्या नावावर जातात. मुंबईची नोंदच नाही! १९०६ साली प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबई महापालिका 'बॉम्बे टाइम'ला चिकटून राहिली, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. हा हट्ट १९५० च्या दशकापर्यंत टिकला. दोन घड्याळांच्या मुंबईत १९३० साली जन्मलेल्याच्या पत्रिकेवर कुठली वेळ आहे, हे संगणकाला कधीच कळणार नाही. तो बिनदिक्कत साडेपाच धरतो.

अहेरी त्या भांडणात नव्हती. तेव्हा ती मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्यात (गडचिरोली १९८२ साली वेगळा झाला). पण रेखांश बघा: जवळपास ८० अंश पूर्व. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने अहेरी ग्रीनिचच्या ५ तास २० मिनिटं पुढे. आणि रेल्वेने १९०६ पूर्वी वापरलेली मद्रास वेळ होती ५ तास २१ मिनिटं १० सेकंद! याच 'कोलकाता' नोंदीत १८७० ते १९०६ साठी तीच दिलेली आहे. म्हणजे कोलकात्याच्या नावाखाली, मद्रासची वेळ, आणि ती बसते प्राणहितेकाठच्या गावाला, सत्तर सेकंदांच्या फरकाने. (रेल्वे अहेरीत आलीच नाही ही गोष्ट वेगळी. बल्लारशाह गाठावं लागायचं.)

हे सगळं उत्साहाने आजोबांना फोनवर सांगितलं. युद्धात घड्याळं पुढे केली होती, तुमचा जन्म नक्की किती वाजता झाला, वगैरे.

"घडी कोणाजवळ होती बापा तेव्हा?" आजोबा म्हणाले. "माय म्हणे, ढोरं चरायला सुटली अन् तू झाला."

"मग १२ मार्च कुठून आला?"

"मास्तरनं लिवला. शाळेत नाव टाकताना."