चौथे आणि पाचवे बटण : लिनक्सवर माऊसचे चाक कसे फिरू लागले

१/ इतिहासाची साधने म्हटली की आपल्याला ताम्रपट, तहनामे आणि दप्तरे आठवतात. आजचा धागा मात्र आपल्या बोटाखालच्या वस्तूवर आहे : माऊसचे चाक. लिनक्सवर ते फिरू लागले त्यामागे एक जुना करार आहे आणि एक तडजोड. त्या तडजोडीची खूण आजही पुसली गेलेली नाही.

२/ १९८४ साली एमआयटीमध्ये एक्स विंडो सिस्टीमचा जन्म झाला. युनिक्सच्या जगात पडद्यावर खिडक्या उघडण्याचे काम तिच्याकडे आले. प्रोग्राम आणि पडदा यांनी परस्परांशी कोणत्या भाषेत बोलावे, हे ठरवणारी तिची अकरावी आवृत्ती, म्हणजेच एक्स११, सप्टेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली.

३/ या संहितेत माऊसबद्दल मोजकेच सांगता येई : बाण कुठे सरकला आणि कोणते बटण दाबले वा सोडले. त्यात बटणांना १ ते ५ अशी नावे होती. त्या काळच्या वर्कस्टेशनच्या माऊसला बहुधा तीनच बटणे असत. चौथे आणि पाचवे कागदावर होते, हाताखाली नव्हते. चाकाचा तर उल्लेखच नाही.

४/ १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाऊस आला. चाक असलेला तो पहिला माऊस नव्हे. पण चाक सर्वदूर पोहोचले ते त्याच्यामुळे. लिनक्सवर मात्र हाच माऊस जोडून चाक फिरवले, तर पान जागचे हलत नसे.

५/ पहिला अडथळा तारेतच होता. पीएस/२ माऊस आपली बातमी तीन बाइटांत पाठवी : बटणांची स्थिती, आडवी हालचाल, उभी हालचाल. चाकासाठी चौथा बाइट हवा. पण जुन्या संगणकांना तो समजणार कसा? म्हणून परवलीचा शब्द मिळेपर्यंत नवा माऊस साध्या माऊससारखाच वागे.

६/ ती परवल अशी : माऊसने सेकंदाला किती वेळा बातमी द्यावी, हा आकडा लागोपाठ २००, १००, ८० असा बदलायचा आणि मग त्याची ओळख विचारायची. साधा माऊस उत्तर देई ०. चाकाचा माऊस देई ३. त्यानंतर चौथा बाइट सुरू. किल्ल्याच्या दरवाजावरच्या पहाऱ्याची आठवण यावी, असाच हा प्रकार!

७/ येथे गफलत झाली तर? माऊस चार-चार बाइट पाठवत आहे आणि संगणक तीन-तीन मोजत आहे, अशा वेळी चाकाचा बाइट पुढच्या बातमीचा आरंभ म्हणून वाचला जाई. परिणामी बाण पडद्याच्या कोपऱ्याकडे उड्या मारू लागे आणि न दाबलेली बटणे दाबली जात.

८/ दुसरा अडथळा १९८७ च्या संहितेचा. ती बदलायची तर तिच्यावर उभे असलेले सारे प्रोग्राम धोक्यात. एक्सफ्री८६ हा घरगुती संगणकांसाठी एक्स पुरवणारा, १९९२ पासूनचा मुक्त प्रकल्प. त्यात निघालेला तोडगा साधा होता : चाक एक खाच वर फिरले की ‘चौथे बटण दाबून सोडले’ असे कळवायचे, खाली फिरले की पाचवे.

९/ त्यासाठी वापरकर्त्याला मांडणीच्या फाईलमध्ये स्वहस्ते ओळ लिहावी लागे : ‘झेड-अ‍ॅक्सिस-मॅपिंग ४ ५’. हे नावच एक पुरावा आहे. आडवा अक्ष एक्स, उभा वाय, म्हणून चाक झेड. चाक हा अक्ष आहे, हे लिहिणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. पण कळवायला शब्द होता तो बटणाचाच.

१०/ एवढ्यानेही काम संपत नसे. चौथ्या बटणाचा अर्थ ‘वर सरक’ आहे, हे एक्सटर्म, ईमॅक्स, नेटस्केप यांना वेगवेगळे शिकवावे लागे. आयएमव्हील नावाचा प्रोग्राम तर चाकाचे रूपांतर चक्क कळफलकावरच्या कळांमध्ये करी. २००२ मध्ये जीटीके २.० ने चौथ्या-पाचव्या बटणाचा अर्थ स्वतःच लावून प्रोग्रामना ‘स्क्रोल’ ही स्वतंत्र घटना दिली.

११/ तडजोडीची किंमत होतीच. बटण एक तर दाबलेले असते किंवा नसते; पाव बटण दाबता येत नाही. त्यामुळे टचपॅडवरची संथ सरक खाचांमध्ये तुटे. २०१२ मध्ये एक्समध्ये सलग सरक आली. २००८ मध्ये आरंभ झालेल्या वेलँडने तर सरकण्याला अक्ष म्हणूनच जागा दिली.

१२/ तरीही लिनक्सवर ‘एक्सईव्ही’ हा छोटा प्रोग्राम चालवा, त्याच्या खिडकीवर चाक फिरवा. नोंद उमटेल : बटण ४, बटण ५. केवळ अशा नोंदी वाचणारा उद्याचा संशोधक म्हणेल, ‘त्या काळी माऊसला पाच बटणे असत आणि लोक शेवटची दोन अहोरात्र दाबत.’ नोंद अस्सल, निष्कर्ष चूक. जुन्या खतावणीत नव्या बाबीला रकाना नसला की कारकून ती जवळच्या रकान्यात बसवतो. म्हणून नोंद वाचण्याआधी रकाने कोणी, केव्हा आखले, हे विचारावे. (समाप्त)