पिक्सेल चालन पद्धती व रंगांची अचूकता

पडद्यावरील प्रत्येक पिक्सेलला इष्ट तेजस्विता यावी म्हणून त्याला विद्युत संकेत पुरविण्याच्या पद्धतीस पिक्सेल चालन असे म्हणतात. पिक्सेलमध्ये तांबडा, हिरवा व निळा असे तीन उपपिक्सेल असतात. त्यांच्या तेजस्वितेचे परस्परप्रमाण ढळले की रंग ढळतो.

द्रवस्फटिक पडदे

जुन्या, निष्क्रिय मांडणीत ओळींना पाळीपाळीने विद्युत दाब दिला जाई. त्याचा काही अंश शेजारच्या पिक्सेलांवरही पडे व आकृतीलगत पुसट सावल्या दिसत. १९७० च्या दशकात अमेरिकेत टी. पीटर ब्रॉडी यांच्या गटाने प्रत्येक पिक्सेलमागे ट्रान्झिस्टर असलेली सक्रिय मांडणी विकसित केली. तीत पिक्सेल पुढील चौकट येईपर्यंत आपला दाब राखून ठेवतो.

प्रत्येक उपपिक्सेलला ८ बिट दिल्यास २५६ पायऱ्या व सुमारे १ कोटी ६७ लाख रंग मिळतात. स्वस्त पडद्यांत ६ बिट, म्हणजे ६४ पायऱ्याच असतात. मधल्या छटा लगतच्या दोन पायऱ्या वेगाने आलटून पालटून दाखवून भासविल्या जातात. जाहिरातीतील रंगसंख्या वाचताना हे ध्यानात ठेवावे.

ओलेड व एलईडी पडदे

ओलेडमध्ये तेजस्विता प्रवाहावर अवलंबून असते. ट्रान्झिस्टरांमधील किंचित फरकामुळेही करड्या रंगावर डाग उमटतात, विशेषतः मंद प्रकाशात. त्यासाठी प्रत्येक पिक्सेलमध्ये भरपाईचे मंडल ठेवतात.

चौकांतील मोठ्या एलईडी पडद्यांची अडचण निराळी आहे. प्रवाह कमीजास्त केला तर एलईडीच्या प्रकाशाची तरंगलांबीच सरकते. प्रवाह वाढताच हिरवा रंग निळसर होतो. म्हणून प्रवाह स्थिर ठेवून दिवा अतिजलद चालू-बंद करतात आणि चालू राहण्याच्या काळावरून छटा ठरवितात. यास स्पंदरुंदी नियमन म्हणतात. त्यामुळे रंग टिकतो. मात्र मोबाइलने चित्रण करताना पडद्यावर काळे पट्टे दिसू शकतात.

व्यवहारातील परिणाम

अहिल्यानगर जिल्ह्यातील कोपरगावाला लागूनच नाशिक जिल्ह्यातील येवला तालुका आहे. तेथील पैठणी छायाचित्र पाहून मागविणाऱ्या दोघांना एकच जांभळा रंग दोन मोबाइलांवर वेगळा दिसू शकतो. अशा वेळी विणकराला बोल लावणे न्याय्य नव्हे. कॅमेरा, उजेड व पडद्याची रंगजुळणी यांचाही त्यात वाटा असतो. १९९६ मध्ये मांडलेल्या एसआरजीबी या मानकाशी पडदा उपकरणाने पडताळून जुळविता येतो. परंतु चालनातच कमी पायऱ्या असल्यास जुळणीने त्या वाढत नाहीत.