बिनरसायनाची हजामत

माझे केस कुरळे. लहानपणी आई खोबरेल तेल थापून दोन घट्ट वेण्या घालायची, त्यामुळे प्रश्नच मिटायचा. पण इथे इंग्लंडमध्ये पीएचडी संपत आली, नोकरीच्या मुलाखती सुरू झाल्या आणि मला वाटायला लागलं, हे टोपलं डोक्यावर घेऊन गेलं तर आपल्याला इंजिनियर कोण म्हणेल? मग एका सलूनमध्ये स्टायपेंडमधले बरेचसे पौंड मोजून केस 'कायमचे' सरळ करून घेतले. कायमचे म्हणजे तीन महिने! त्यानंतर मुळाशी कुरळे, टोकाला खराटा, आणि मधे तुटायला लागलेले. गंमत म्हणजे माझा पीएचडीचा विषय पॉलिमर. काय होणार हे मला मेलीला आधीच कळायला हवं होतं.

केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या बंधांनी बांधलेल्या असतात. कुरळे करायचे असोत की कायमचे सरळ, जुनी पद्धत एकच: हे बंध तोडायचे, केसाला हवा तो आकार द्यायचा, आणि बंध पुन्हा जोडायचे. सगळे काही परत जुळत नाहीत, म्हणून केस कमजोर होतो. शिवाय मुळातून दर महिन्याला साधारण १ सेंटिमीटर नवा केस येतो. त्याला बिचाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं!

शेवटी एका साठीच्या बाईंकडे गेले. त्यांनी कात्री हातात घेण्याआधी माझे केस कितीतरी वेळ नुसते बघितले. मग म्हणाल्या, "तुझे केस वाईट नाहीत, वाईट कापलेत." केस कापताना त्यांनी सांगितलं की त्या विडाल ससूनच्या पद्धतीत तयार झाल्या. तोवर हे नाव मला शाम्पूच्या बाटलीवरचं म्हणूनच माहीत होतं. घरी येऊन वाचायला लागले आणि एक मस्त गोष्ट हाती लागली.

गोष्ट लंडनमध्येच सुरू होते. १९०५च्या सुमारास कार्ल नेसलर या जर्मन केशकर्त्याने ऑक्सफर्ड स्ट्रीटवर केस कायमचे कुरळे करण्याचं यंत्र दाखवलं. अल्कधर्मी द्रावण आणि तापवलेल्या पितळी नळ्या! काम तासन्‌ तास चालायचं. पहिले प्रयोग त्याने बायकोवर केले आणि त्यात तिचे केस जळले. पुढे उष्णतेची जागा थायोग्लायकोलेटसारख्या रसायनांनी घेतली. १९५०च्या दशकात तर दर आठवड्याला सलूनमध्ये जायचं, रोलर लावून ड्रायरखाली बसायचं, उलटा कंगवा फिरवून केस फुगवायचे आणि वरून लॅकरचा फवारा मारायचा, अशी रीत होती. मग आठवडाभर वारा-पावसाला भिऊन राहायचं. केस कापण्याला त्यात दुय्यम स्थान.

विडाल ससूनचा जन्म १९२८चा. वडील घर सोडून गेलेले, आईची परिस्थिती बेताची, त्यामुळे काही वर्षं ज्यू अनाथालयात काढली. चौदाव्या वर्षी आईच्या आग्रहाखातर तो लंडनच्या ईस्ट एंडमध्ये व्हाइटचॅपल रोडवरच्या एका सलूनमध्ये उमेदवारी करायला लागला. त्याला व्हायचं होतं आर्किटेक्ट! ते जमलं नाही, पण बाउहाउसच्या सरळ, बिननक्षीच्या इमारतींचं वेड कायम राहिलं. १९५४मध्ये त्याने बॉण्ड स्ट्रीटवर स्वतःचं सलून काढलं आणि तेच तत्त्व डोक्यावर आणायचं ठरवलं: सजावट नको, रचना हवी.

आता रचना म्हणजे काय? कवटीचा आकार, गालाची हाडं, केस कुठल्या दिशेने वाढतात, हे आधी बघायचं. केसांचे भाग पाडायचे, एकेक बट ताणून ठराविक कोनात धरायची आणि नेमक्या रेषेत कापायची. कोन बदलला की वजन कुठे बसेल ते बदलतं. नीट जमलं तर केस धुवून नुसते झटकले तरी आपोआप जागेवर बसतात. आकार बाहेरून लादावा लागत नाही, तो कापण्यातच असतो.

हे जमायला जवळजवळ दहा वर्षं गेली. १९६३मध्ये फॅशन डिझायनर मेरी क्वांटचा बॉब आला. त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये जन्मलेली अभिनेत्री नॅन्सी क्वान हिचे लांबसडक केस त्याने कापले आणि टेरेन्स डोनोव्हनने काढलेला तिचा फोटो गाजला. १९६४मध्ये ग्रेस कॉडिंग्टन या मॉडेलवर त्याचा प्रसिद्ध 'फाइव्ह पॉइंट' कट झाला. १९६५मध्ये न्यूयॉर्कला सलून निघालं. बायकांची दर आठवड्याची ड्रायरखालची बैठक सुटली ती अशी. ज्या फेऱ्यांवर धंदा चालायचा त्याच कमी करायच्या, हे धाडस मला त्या कटपेक्षाही मोठं वाटतं.

ससून काही रसायनांचा शत्रू नव्हता. 'ग्रीक गॉडेस' नावाचा पर्म त्याचाच. पण आधी कात्री, मग बाटली, हा क्रम त्याने लावला. ससून २०१२मध्ये गेला. क्रम मात्र पुन्हा उलटा झालाय. काही 'केराटिन ट्रीटमेंट'मधून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड बाहेर पडतं, आणि ते कर्करोगकारक आहे. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने २०११मध्ये तसा इशारा दिला होता. आपण वर्षातून एकदोनदा तो वास घेतो, सलूनमधली मुलगी रोज घेते. २०२२मध्ये तेहतीस हजारांहून अधिक अमेरिकन स्त्रियांच्या अभ्यासात, वारंवार केस सरळ करणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळलं. यावरून कारण सिद्ध होत नाही, पण मुलाखतीसाठी एवढी जोखीम घ्यावी का, हा प्रश्न पडतोच.

आपल्याकडे 'हजामत करणं' ही शिवी. 'बिनपाण्याने' केली तर आणखी वाईट. बाटलीला आपण मागतील तेवढे पैसे देतो आणि कात्री धरणाऱ्या हाताशी मात्र घासाघीस करतो. मीही तेच केलं होतं. आता दर दोन महिन्यांनी त्या बाईंकडे जाते. केस कुरळेच आहेत, आणि नोकरीही त्याच केसांनी मिळाली. :-)