जुनी गादी पुन्हा भरताना

गादी बसली म्हणजे तिच्यातील कापूस निकामी झाला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. अंगाचे वजन आणि घामाचा ओलावा यांमुळे कापसाचे तंतू एकमेकांत दाबले जातात, त्यांच्यामधील हवा निघून जाते आणि मऊ थराच्या जागी टणक गोळे उरतात. हे तंतू पुन्हा मोकळे करता येतात. पिंजाऱ्याचा व्यवसाय याच तत्त्वावर उभा आहे.

सोलापुरातील पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये स्थापन झाली. पुढे तीच 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली गेली. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनही लाभले. गिरणी आणि माग यांच्या या इतिहासात पिंजाऱ्याचा उल्लेख क्वचितच येतो. सोलापूर, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात पिंजारी समाजात 'नदाफ' हे आडनाव आढळते. 'नद्दाफ' या मूळ अरबी शब्दाचा अर्थच कापूस पिंजणारा असा आहे.

धनुकली ते यंत्र

पूर्वी पिंजारी धनुकली खांद्यावर घेऊन दारोदार फिरत. तिच्या ताणलेल्या तातीवर लाकडी ठोकळ्याने आघात केला की तात थरथरते, गोळे सुटतात, तंतू वेगळे होतात आणि कचरा खाली पडतो. आता हे काम बहुतांशी दातेरी रूळ असलेल्या विजेच्या यंत्रावर होते. यंत्र झटपट पिंजते. मात्र प्रत्येक पिंजणीत काही तंतू तुटून आखूड होतात. त्यामुळे जुन्या कापसात थोडा नवा कापूस मिसळणे हिताचे ठरते.

कामाचा क्रम

प्रथम टाके उसवून खोळ रिकामी करतात. ओलसर, बुरशी आलेला किंवा कुबट वास येणारा कापूस बाजूला काढून उरलेला उन्हात पसरतात. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि हवाही कोरडी असते. म्हणून हे काम पावसाळ्यापूर्वी उरकणे सोयीचे. पिंजलेला कापूस धुतलेल्या अथवा नव्या गादीपाटाच्या खोळीत थरांनी पसरतात. कडा आणि कोपरे आधी भरावे लागतात, अन्यथा गादी मध्ये फुगते व कडेला रिकामी राहते. शेवटी दाभणाने आरपार टाके घालतात. टाके विरळ पडले, तर कापूस लवकरच एका बाजूला सरकतो.

ग्राहकाने कापूस पिंजण्यापूर्वी व नंतर तोलून घ्यावा. धूळ आणि कचरा गेल्याने वजन थोडे घटते. मोठी तूट आढळल्यास विचारणा करणे रास्त आहे.

फोमचे काय?

फोमच्या गादीला हा उपाय लागू पडत नाही. फोमच्या पेशींच्या भिंती एकदा मोडल्या की पूर्ववत होत नाहीत. तो थर बदलावाच लागतो. मात्र खालचा काथ्याचा थर टणक आणि सपाट असेल, तर खोळ उघडून केवळ वरचा फोम बदलता येतो. नवा फोम निवडताना घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवावे. टिकाऊपणा मुख्यतः घनतेवर अवलंबून असतो; हाताला कडक लागणारा फोम टिकाऊ असेलच असे नाही.

कारागिराचा श्वास

जुन्या गादीतून उडणारी धूळ पिंजणाऱ्याच्या फुप्फुसात जाते. कापसाच्या धुळीमुळे छाती आवळणारा 'बिसिनोसिस' हा विकार गिरणी कामगारांमध्ये परिचित होता आणि कारखाने अधिनियमाने त्याची नोंद व्यावसायिक आजारांत केली होती. गल्लीतील छोट्या दुकानात एकट्याने काम करणाऱ्या पिंजाऱ्याला मात्र गिरणीसारखी तपासणी सहसा लाभत नाही. काम मोकळ्या हवेत करणे, नाक-तोंड झाकणे आणि यंत्रावर धूळ खेचणारा पंखा बसवणे ही किमान काळजी आवश्यक आहे. या खर्चाचा वाटा मजुरीत धरला, तर ती मजुरी महाग म्हणता येणार नाही.