सलाया आणि क्रोशा : लष्करच्या घरातली दोन विणकामं

गेल्या हिवाळ्यात आमच्या ग्वाल्हेरच्या मंडळानं घरोघरच्या जुन्या हस्तकामाचं प्रदर्शन भरवलं होतं. मीही आईची ट्रंक उघडली. तिच्यातून क्रोशाचं काम इतकं निघालं की पलंग भरला. टेबलक्लॉथ, रेडिओवरचा रुमाल, तांब्यावरच्या मणी लावलेल्या झाकण्या, दाराचं तोरण, पोलक्याच्या लेशी. स्वेटर मात्र एकही नाही! ज्या बाईच्या हातात दिवाळीपासून होळीपर्यंत सलाया असायच्या, तिच्या ट्रंकेत एकही स्वेटर नसावा, याचं मला फार नवल वाटलं. त्या कोड्यातून हा लेख निघाला.

आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडे आले. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी पडला आणि त्या तळाचंच ‘लष्कर’ हे शहर झालं, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. आई मात्र १९५२ साली साताऱ्याहून लग्न होऊन आली. येताना क्रोशाची सुई माहेरूनच घेऊन आली. स्वेटर विणणं तिला येत नव्हतं. साताऱ्यात कशाला लागणार? पण इथे जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर उतरतो. पहिल्या हिवाळ्यात ती दोन लुगडी एकावर एक नेसून स्वयंपाक करायची, असं आजी हसत सांगायची.

शेजारी फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेलं एक कुटुंब राहायचं. त्या घरच्या बीजींनी आईच्या हातात सलाया दिल्या. बदल्यात आईनं त्यांच्या सुनेला क्रोशा शिकवला. म्हणून आमच्या घरात दोन विणकामांच्या दोन भाषा झाल्या. क्रोशा मराठीत चालायचा : साखळी, खांब, मुका खांब. स्वेटर हिंदीत : फंदे, सीधा, उलटा, घटाना, बढ़ाना. आई देवापुढे मराठीत पुटपुटायची आणि अंगणात उन्हाला बसून ‘दो सीधे, दो उलटे’ मोजायची. पुण्याची मावशी म्हणायची, “अगं, सुलट-उलट म्हण की!” आई म्हणायची, “तसं म्हटलं की माझे फंदे चुकतात.”

दोन्ही कलांचं वयही सारखं नाही. सलायांचं काम फार जुनं. इजिप्तमध्ये सापडलेले विणलेले सुती मोजे सुमारे हजार वर्षांपूर्वीचे आहेत. क्रोशा त्या मानानं कालचा. युरोपात त्याचे छापील नमुने १८२० च्या दशकात दिसू लागतात. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये याच लेशींनी कित्येक घरांना मीठभाकर दिली. आपल्याकडे क्रोशाचा प्रसार मुख्यतः मिशनरी बायकांनी केला. आंध्रात नरसापूरची क्रोशाची लेस आजही प्रसिद्ध आहे. म्हणजे जो क्रोशा आम्ही ‘आपला, माहेरचा’ म्हणून मिरवतो, तोही मुळात पाहुणाच!

कामातला फरक असा. क्रोशात एकच आकड्याची सुई आणि तिच्यावर बहुधा एकच जिवंत टाका. आई दूध उतू जायला लागलं की तो टाका थोडा ओढून सैल ठेवायची आणि उठायची. सलायांवर मात्र सगळी ओळच जिवंत असते. सलाई निसटली तर एकदम साठ-सत्तर फंदे मोकळे. पण सलायांचं कापड ताणतं आणि अंगाबरोबर वाढतं. क्रोशाचं जाड, ठाम, आणि दोराही जास्त खाणारं. म्हणून अंगावर स्वेटर आणि टेबलावर क्रोशा.

ट्रंकेचं कोडं इथेच सुटलं. क्रोशा दाखवायचा, म्हणून जपला गेला. स्वेटर वापरायचा, म्हणून संपला. दर दोन वर्षांनी आई माझा स्वेटर उसवायची. मी दोन्ही हात पुढे करून बसायची, ती लोकरीची लडी करायची, गरम पाण्यात बुडवून, वजन टांगून वाळवायची. त्यात नवा रंग मिसळून धाकट्या भावाचा स्वेटर व्हायचा. त्यातून उरलं तर मोजे, मग कानटोपी. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या हिवाळ्यात देशभर बायकांनी जवानांसाठी विणलं, तेव्हा आई आणि बीजींनीही रात्र-रात्र बसून स्वेटर केले. ते कुठे गेले, कोणाच्या अंगावर गेले, काय माहीत.

ट्रंकेच्या तळाशी शेवटी एक पिशवी सापडली. तिच्यात सलायांवरच अडकलेली करड्या स्वेटरची पाठ, वीतभर विणलेली. मी लगेच ओळखली. १९८१ साली भाऊ नोकरीला मुंबईला गेला, तेव्हा आईनं घातली होती. त्याचं पत्र आलं, “आई, स्वेटर पाठवू नकोस, इथे पंखा लागतो.” आईनं ती ओळ पूर्ण केली, पिशवी बांधली आणि पुन्हा सलायांना हात लावला नाही. पुढे लुधियानाचे तयार स्वेटर स्वस्त झाले, म्हणून विणणं बंद झालं असं आम्ही सगळे सांगायचो. ते अर्धंच खरं.

मी ती पाठ प्रदर्शनात नेली. तिथल्या एक ताई म्हणाल्या, “अहो, हे अर्धवट आहे. आणि स्वेटर काय मराठी हस्तकला आहे का? क्रोशाचं छान आहे, तेवढं ठेवूया.” दुसऱ्या एकीनं टेबल नीट दिसावं म्हणून सलाया ओढून काढायला हात घातला. मी जवळजवळ ओरडलेच. सलाया काढल्या असत्या तर आईची ती शेवटची ओळ माझ्यासमोर उसवली असती.

शेवटी कोपऱ्यात जागा मिळाली. चिठ्ठीवर मी लिहिलं : ‘लष्करच्या मराठी बाईनं, पंजाबी शेजारणीकडून शिकून, हिंदीत मोजून विणलेलं.’ संध्याकाळी बीजींची सून आली, आता तीही पंच्याऐंशीची. चष्मा वर करून तिनं फंदे मोजले. “चौंसठ,” म्हणाली. “भाभी हमेशा चौंसठ ही डालती थी.”

मंडळी, आपल्या आया काय विणत होत्या हे केवळ उरलेल्या रुमालांवरून ठरवू नका. जे जास्त लागलं, तेच झिजून गेलं. तुमच्या घरात टाके कोणत्या भाषेत मोजायचे, तेवढं आठवून जरूर लिहा.